माझी माय बसत नाही

मला लोक नावानं ओळखत नाहीत. अकोल्यात असो की अमरावतीत, ओळख करून देणारा म्हणतो, "ह्या आपल्या 'माझी माय बसत नाही' वाल्या मॅडम." समोरचा हात जोडतो आणि हमखास म्हणतो, "मग होऊन जाऊ द्या दोन ओळी." लग्नाच्या पंगतीत झालंय, बँकेच्या रांगेत झालंय. एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे मी तोंड उघडून पडलेली, आणि त्याची बायको आत येऊन म्हणते, मॅडम, ती कविता! तोंडात कापसाचे बोळे आणि हिला कविता पाहिजे. मी जात्याच चिडकी बाई, वर्गात पोरं मला टरकून असतात. पण या बाबतीत मला कोणावर चिडता येत नाही, कारण कविता मीच लिहिली आहे.

ती अशी सुरू होते:

संत्रं निवडते, ऊन निवडते,
थकली तरी हसत राही,
जग बसलं सावली धरून,
माझी माय बसत नाही.

अशी चार कडवी. प्रत्येक कडवं त्याच ओळीवर येतं, आणि ती ओळ आली की हॉलच्या हॉल माझ्यासोबत म्हणतो. मोझरीच्या एका शिबिरात तर सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटली होती. तेव्हा मला वाटलं होतं, आपण काहीतरी मोठं करून बसलो.

माय वरुडला संत्र्याच्या शेडमध्ये कामाला. मी सातवीत असताना बाप गेला आणि पंधरा दिवसांत माय शेडात लागली. तेव्हा संत्र्यांचे ढीग जमिनीवरच असायचे. बाया भोवती बसून निवडायच्या, मोठं इकडे, बारीक तिकडे, डागाचं टोपल्यात. गप्पा चालायच्या, कोणाच्या मांडीवर लेकरू असायचं. पुढे शेठनं मशीन आणली. आता फळ धुऊन, मेण चढून पट्ट्यावरून सरकत येतं, आणि दोन्ही बाजूंनी बाया उभ्या राहून त्यातलं निवडून कॅरेटमध्ये टाकतात. पट्टा कमरेच्या वर. खाली बसलं तर हात पोचत नाही, आणि पट्टा काही कोणासाठी थांबत नाही. सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत बाई उभी. मधात जेवायची सुट्टी, तेवढंच काय ते टेकणं.

मी अमरावतीला बी.ए.ला होते. कॉलेजात काव्यस्पर्धा निघाली, विषय 'श्रमाची प्रतिष्ठा'. नुकतीच सुट्टीत वरुडला जाऊन आले होते, मायचा डबा घेऊन शेडात गेले होते, ते सगळं डोळ्यांपुढे ताजं होतं. वसतिगृहाच्या कॉटवर, पाठीशी उशी घेऊन, एका दमात कविता लिहिली. आता लाज वाटते सांगायला, पण मायच्या उभं राहण्यावरची कविता मी लोळत लिहिली.

तेव्हा ती ओळ वेगळी होती. 'मायले कोणी बसू देत नाही' अशी होती. आमचे मराठीचे सर भला माणूस, माझ्यासारख्या वरुडच्या पोरीला स्वतःची पुस्तकं वाचायला देणारे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पोरी, ही तर तक्रार झाली. तक्रारीचा अर्ज होतो, कविता होत नाही. काम करणाऱ्या माणसाचा गौरव कर. त्याची कीव करू नको." मला ते पटलं, खोटं कशाला बोलू! मायची कीव कोणी करावी हे मलाही नको होतं. फी माफीचा अर्ज घेऊन ऑफिसात उभं राहिलं की लोक कसे बघतात ते मी पुष्कळ पाहिलं होतं. तिथंच बाकावर बसून मी ओळ बदलली.

पहिला नंबर आला. बक्षीस समारंभाला माय आली होती, पदर तोंडाशी धरून ढसाढसा रडली. मायला वाचता येत नाही. घरी जाताना बसमध्ये शेजारच्या बाईला सांगत होती, "माह्यावर लिवलं माह्या पोरीनं." मोर्शी येईपर्यंत तिनं मला चारदा कविता म्हणायला लावली आणि वरुड येईपर्यंत तिची पाठ झाली. त्या दिवशी माझ्यासारखी सुखी पोट्टी अख्ख्या जिल्ह्यात नव्हती.

कविता पेपरात छापून आली. शेठनं वाचली. शेठनं पेंटर बोलावला आणि शेडच्या भिंतीवर, पट्ट्याच्या बरोबर समोर, हात-हातभर अक्षरांत ती ओळ रंगवून घेतली. बाजूला डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई काढली. मायनं जन्मात कधी डोक्यावर टोपलं घेतलं नाही, पण ते जाऊ द्या. शेठनं मला फोन करून सांगितलं, "बेटा, तुझ्या शब्दांनी आमच्या शेडची शान वाढली." त्या भिंतीचा फोटो मी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. ठेवला, हो. महिनाभर होता.

पुढे एम.ए. झालं, नेट झालं, आणि बार्शीटाकळीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. राहायला अकोल्यात खोली. संस्थेचे अध्यक्ष हे शेठचे व्याही. मुलाखतीत मला भाषाशास्त्र कोणी विचारलं नाही, संतसाहित्य विचारलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "व्याही लय सांगतात तुमच्याबद्दल. ऐकवा बरं ती." मी उभी राहून ऐकवली आणि काम झालं. तेव्हापासून सात वर्षं मी तासिकांवर आहे. दर जूनला हूल उठते, 'यंदा मॅडम कायम होणार.' दर एक मेला अकोल्यात संस्थेचा कामगार दिनाचा कार्यक्रम होतो आणि मी कविता म्हणते. बाकी काही लिहायला घेतलं की लोक ऐकतात, मान हलवतात आणि शेवटी म्हणतात, आता ती होऊ द्या.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी घरी गेले होते. मायच्या जोडीला पट्ट्यावर उभी राहणारी एक मावशी आहे, आमच्याच गल्लीतली. लहानपणी तिनं मला वेण्या घालून दिल्या आहेत. मी तिच्या घरी फराळाचं ताट घेऊन गेले तर बाईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ताट घेतलं, चुलीच्या कट्ट्यावर आदळलं आणि पाठ करून भांडी घासायला लागली.

मी म्हटलं, "मावशी, काय झालं वं? मी काई केलं काय?"

"तू कायले करशीन बाप्पा! तू तं मोठी बाई. टीव्हीवर येते."

"सरळ सांग ना मावशी."

मग बाई फिरली. हात राखेनं भरलेले. "तुही कविता जाय चुलीत! आमी बारा जनी मिळून गेलो होतो शेठकडं. उंच स्टूल मांगाले. पाठ गेली, पाय सुजते, पट्ट्यापाशी स्टूल ठेवाले जागा हाये, बसूनबी हात पुरते. तं शेठ काय मनते मालूम? भिंत दाखवली. मने, वाचा बाया हो. तुमच्यातलीच पोरगी लिवून राहिली का माय बसत नाही. तिले गर्व हाये अन् तुमाले स्टूल पायजे? शरम नाही वाटत?"

मी विचारलं, "माय होती तुमच्यासंगं?"

"होती ना. मधातच उभी होती. शेठनं तिलेच विचारलं, काय वं, तुले पायजे काय स्टूल? तुही माय बिचारी काय म्हनन? खाली मान घालून मने, मले नाही पायजे." मावशीनं पुन्हा भांडं हातात घेतलं. "तवापासून आमी बोलत नाही तिच्याशी. जिचं जळते तिले कळते, बाई."

मी तशीच शेडाकडे गेले. दिवाळी असली तरी आंबिया बहाराचा माल जोरात होता, शेड चालू होतं. पट्ट्यावर माय दिसली नाही. मागे फळं धुवायच्या टाकीच्या आडोशाला गेले तर माय एका उलट्या कॅरेटवर बसलेली. लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवून दोन्ही हातांनी गुडघा दाबत होती. गुडघा एवढा मोठा दिसला की आधी मला तो मायचा वाटलाच नाही. तिनं मला पाहिलं आणि झटकन उठली. झटकन म्हणजे, भिंत धरून, ओठ दातांखाली दाबून, पण उठली. लुगडं सारखं केलं आणि हसली.

घरी आल्यावर मी भडकले. मायशी मी वऱ्हाडीतच भांडते, पुस्तकी मराठीत मला राग येत नाही.

"काहून उठली तू?"

"तू आली ना."

"मंग? मी काय इन्स्पेक्टर हावो?"

"तसं नाही वं." माय चहा गाळत होती, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "लोकाईनं पाहिलं तं? तुही कविता खोटी पडते."

मी रडले. एवढ्यासाठी, माझ्या चार कडव्यांसाठी, ही बाई आडोशाला चोरासारखी बसत होती! तिच्याकडून मग एकेक निघत गेलं. अमरावतीच्या डॉक्टरनं गुडघ्याची गादी झिजली म्हणून सांगितलं होतं, उभं राहणं बंद करा म्हणाला होता. ते तिनं मला कळवलंच नव्हतं. विहारात रविवारच्या वंदनेला तिला खाली बसता येत नाही म्हणून ती भिंतीशी उभी राहते, आणि लोक कौतुकानं म्हणतात, कवितेतली माय आहे बाप्पा, बसणार कशी!

"शेड सोड," मी म्हटलं. "उद्यापासून जाऊ नको."

"सोडतो ना. तुही कायमची ऑर्डर आली का सोडतो."

"माह्या ऑर्डरचा अन् तुह्या गुडघ्याचा काय संबंध?"

"निरा येडी हाये तू. मी सोडलं का शेठ नाराज. शेठ नाराज तं व्याह्याले एक फोन. शेडात पाहुने आले का शेठ आदी मले दाखवते, मंग मशीन." चहाचा कप माझ्या हातात देत ती म्हणाली, "दोन-चार महिन्याची गोठ हाये. राहतो मी उभी."

दुसऱ्या दिवशी मी शेठला भेटायला गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती. शेठ गादीवरून उठून पुढे आला, संत्र्याचा रस मागवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी स्टूलचं बोलले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बेटा, स्टूल दिले की बाया पेंगतात, माझा अनुभव आहे. आणि तुझ्या मायची गोष्ट वेगळी. ती थकली असेल तर घरी बसू दे ना तिला, मी कोण अडवणारा? फक्त एवढं आहे, व्याह्यांपुढे मी तुझा विषय काढतो तो तिच्यामुळे. यंदा तुझं काम होतंय, कानावर घालून ठेवतो." आणि मी, जिची जीभ वर्गात विळ्यासारखी चालते ती मी, "थँक यू काका" म्हणून बाहेर आले. रसाचा ग्लास पूर्ण संपवून आले. धरलं तर चावते, सोडलं तर पळते, तसं झालं होतं. ती माझ्यासाठी उभी होती आणि मी तिच्यासाठी गप्प होते, आणि दोघींच्या मध्ये ती हातभर अक्षरांची भिंत.

त्यानंतर मी कविता म्हणणं टाळून पाहिलं. घसा बसला म्हणून सांगितलं, गावाला जायचं आहे म्हणून सांगितलं. तर पोरांनी माझ्या जुन्या व्हिडिओचं रील करून टाकलं. त्याला बासरीही लावली. ते वरुडच्या शेडात बायांच्या मोबाइलवर पोचलं.

मागच्या एक मेच्या आधी अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, यंदा तुमच्या मातोश्रींचा सत्कार करू. व्याही प्रमुख पाहुणे आहेत, ते स्वतःच्या गाडीत त्यांना घेऊन येतील. कविता झाली की सत्कार, आणि मग जूनमध्ये तुमचं बघतोच. मी मान हलवली. पण अकोल्याला परत येताना ऑटोत मी ठरवलं, यंदा ओळ बदलायची. नवीन काही नाही, जी आधी होती तीच म्हणायची. शेठ समोर असेल, अध्यक्ष असतील, पेपरवाले असतील. नोकरी जायची तर जाईल. एकदा सगळ्यांसमोर बोलले की शेठला त्या ओळीचा दाखला देता येणार नाही आणि मायला घरी बसता येईल. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माय मला थांबवेल ही भीती होती.

अकोल्याचा मे म्हणजे काय ते अकोलेकरालाच माहीत. सकाळचे दहा, हॉलमध्ये चार कूलर, आणि तरी शाल पाहून घाम फुटावा. माय स्टेजवर शेठच्या शेजारी सोफ्यावर बसली होती. सोफा खोल, ती त्यात पार बुडाली होती. पण बसली होती! मला वाटलं, चला, सुरुवात तर चांगली आहे.

मी माइकपुढे गेले. पहिली तीन कडवी नेहमीसारखी झाली, हॉल सोबत म्हणत होता. चौथ्या कडव्याच्या शेवटी मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. हॉल शांत झाला. मी म्हटलं:

मायले कोणी बसू देत नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. माझ्या कानात नुसता कूलरचा आवाज. मग मागून एक पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम चुकल्या." पुढच्या रांगेतल्या एका सरांनी प्रेमानं ओठ हलवून मला खूण केली, मा-झी-माय. थोडं हसू पसरलं, माया असलेलं हसू, वाईट नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, "मायले कोणी बसू देत नाही!" आता लोक अस्वस्थ झाले. अध्यक्ष कोणाला तरी पाणी आणायला सांगत होते. शेठचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायची हिंमत झाली नाही. एवढ्यात माझ्या मागे सोफा करकरला.

माय उठत होती. एक हात सोफ्याच्या दांडीवर, एक गुडघ्यावर. पहिल्यांदा जमलं नाही, खाली बसली. शेठनं हात दिला तो तिनं घेतला नाही. दुसऱ्यांदा जोर लावला आणि उठली, सरळ उभी राहिली. माझ्याकडे पाहून डोळ्यांनी 'भिऊ नको' म्हटलं, आणि मशीनच्या आवाजावरून ओरडायची सवय असलेल्या त्या गळ्यानं, माइकशिवाय, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली:

"माझी माय बसत नाही!"

हॉल कोसळला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेठनं माइक घेतला, त्याचे डोळे पाण्यानं भरले होते आणि मला वाटतं ते पाणी खरं होतं. म्हणाला, "पाहा. लेक विसरली, पण माय विसरली नाही. याला म्हणतात श्रमाची प्रतिष्ठा." मी तिथंच उभी होते. काय करणार होते? मी हात जोडले. मायच्या खांद्यावर शाल पडली, आमच्या दोघींचा फोटो निघाला. त्यात मी हसते आहे.

माय त्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला राहणार होती. आम्ही ऑटोनं खोलीकडे निघालो. तिनं शाल घडी करून मांडीवर ठेवली होती आणि पाय लांब करून समोरच्या पत्र्याला टेकवले होते. चेहरा मात्र फुललेला.

"उन्हानं भुलली असशीन," ती म्हणाली. "सकाळून काई खाल्लं नाही तुनं. मले तं धसकाच बसला. मनलं, एवढे लोकं, पोरीची इज्जत जाते."

"भुलली नाही माय," मी म्हटलं. "ती ओळच मले म्हनाची होती. मी आदी तशीच लिवली होती. सरांनी बदलाले लावली अन् म्या बदलली."

"कोनती? पुन्यांदा म्हन."

मी म्हटली. तिनं ती एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. रेल्वे फाटक पडलं होतं, ऑटो थांबला होता. मालगाडी जायला लय वेळ लागत होता. माय गुडघा चोळत होती.

"हे खरं हाये," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. गाडीचे डबे मोजल्यासारखी समोर बघत राहिली. फाटक उघडलं तेव्हा म्हणाली,

"मंग मले आदी सांगाचं ना, बाई. मी उठलीच नसती."